पटापलीकडचा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

बुद्धिबळ हा खेळ मूळचा आपल्या देशातला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ‘चतुरंग’ या नावाने तो इथे खेळला जाई. पुढे इराण आणि अरबस्तानातून तो युरोपात गेला आणि नवे नियम घेऊन परत आला. आता त्याने आणखी एक मजल मारली आहे. लाकडी पट गेला, सोंगट्या गेल्या, आणि सारा खेळ तळहाताएवढ्या मोबाइलमध्ये येऊन बसला. कॉलेजच्या कट्ट्यावर, वसतिगृहाच्या जिन्यात किंवा एस.टी.च्या शेवटच्या बाकावर मुले मान खाली घालून बसलेली दिसली, की ती रीळच पाहत असतील असे समजू नये. त्यांतली चार-दोन तरी जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या अनोळखी माणसाशी बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेली असतात. मीही त्यांतलीच एक आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हा ऑनलाइन खेळ घरोघरी पोहोचला. ज्या गावात बुद्धिबळाचा पट विकत मिळत नाही, त्या गावातल्या मुलालाही आज रात्री दहा वाजता प्रतिस्पर्धी मिळतो. ही गोष्ट लहान नाही. पण खेळ वाढला तसा खेळाचा सुसंस्कृतपणाही वाढला काय? मला तसे वाटत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच. वार्षिकांकात लिहायला याहून गंभीर विषय पुष्कळ आहेत, असे काही गुरुजनांना वाटेल. पण माणूस कोणी पाहत नसताना कसा वागतो हा प्रश्न जर गंभीर असेल, तर तो प्रश्न आमच्या पिढीपुढे रोज ज्या ठिकाणी उभा राहतो, त्यांपैकी हे एक ठिकाण आहे.

प्रथम जुन्या पटाकडे पाहू. समोरासमोर खेळताना डाव सुरू होण्यापूर्वी दोघे हात मिळवतात. डाव संपला की पुन्हा मिळवतात. मग जिंकणाऱ्याच्या मनात उकळ्या फुटत असोत, की हरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असो. सोंगटीला हात लावला की तीच चालवायची. ती नुसती नीट ठेवायची असेल, तर तसे आधी बोलून मग हात लावायचा. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा तर आपली चाल करून, घड्याळ दाबण्यापूर्वी द्यायचा. फिडे ही जागतिक संघटना १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिच्या नियमावलीत प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देण्यास किंवा त्याचे लक्ष विचलित करण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि कारण नसताना पुन्हापुन्हा बरोबरी मागणे हेही त्या त्रासातच धरलेले आहे.

हे संकेत काही कालपरवाचे नाहीत. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८६ साली बुद्धिबळातील नीतीवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. प्रतिस्पर्ध्याला विचाराला वेळ लागला तर त्याला घाई करू नये. शीळ घालणे, घड्याळाकडे पाहणे, टेबलावर बोटांनी ताल धरणे हे सारे टाळावे. जिंकल्यावर शेखी मिरवू नये. आणि बघ्यांनी तोंड मिटून बसावे, असे त्यांचे सांगणे होते. आजही एखाद्या स्पर्धेत हे नियम भिंतीवर लावले, तर त्यांत फारसे काही बदलावे लागणार नाही.

नुसत्या हस्तांदोलनाला या खेळात किती किंमत आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. जानेवारी २००८ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेत बल्गेरियाच्या इव्हान चेपारिनोव्हने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हात मिळवण्यास नकार दिला. तेवढ्यावरून त्याने डाव गमावल्याचे पंचांनी जाहीर केले. पुढे दाद मागितल्यावर डाव पुन्हा खेळवण्यात आला आणि तो शॉर्टने जिंकला, हा भाग वेगळा. सांगायचे ते हे, की हात न देणे म्हणजे समोर माणूस बसला आहे हेच अमान्य करणे, असे या खेळाची जाणती माणसे मानत आली आहेत.

मोबाइलवर मात हात नाही, डोळा नाही, समोरच्याचा श्वासही ऐकू येत नाही. वर एक टोपणनाव, त्याच्या शेजारी गुणांकनाचा एक आकडा आणि एक पळते घड्याळ, एवढाच आपला प्रतिस्पर्धी. आणि मग जे घडते ते प्रत्येक खेळाडूने अनुभवलेले आहे. कोणी चॅटमध्ये शिवी लिहून जातो. कोणी पाच चालींत पाच वेळा बरोबरी मागतो. कोणी वजीर गमावल्याबरोबर घड्याळ चालू ठेवून स्वस्थ बसतो.

या शेवटच्या प्रकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मला सर्वांत जास्त चीड त्याची येते. दहा-दहा मिनिटांचा डाव असतो. समोरच्याची आठ मिनिटे शिल्लक असतात आणि त्याचा डाव हरलेला असतो. अशा वेळी ‘डाव सोडला’ असे सांगणारे एक बटण असते. ते दाबायला एक सेकंद लागतो. पण हे महाशय ते दाबत नाहीत. खेळाडू निघून गेला तर दुसऱ्याला विजय मागता येईल अशी सोय काही संकेतस्थळांनी केली आहे, म्हणून ते निघूनही जात नाहीत. खेळ उघडा ठेवून ते दुसरे काहीतरी करीत बसतात आणि शेवटचे चार सेकंद उरले की एक चाल करतात. आपण कंटाळून उठून गेलो असू, ही त्यांची आशा.

आठ मिनिटे म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. सकाळी कॉलेज, दुपारनंतर झेरॉक्सच्या दुकानातले काम आणि रात्री अभ्यास, यांतून मला खेळायला अर्धा तास मिळतो. त्यातला पाव हिस्सा एक अनोळखी माणूस, स्वतःचा काहीही फायदा नसताना, केवळ मी जिंकले म्हणून हिरावून घेतो. चोराला निदान चोरलेल्या वस्तूचा उपयोग तरी होतो!

माझा एक वर्गमित्र या बाबतीत माझ्याशी नेहमी वाद घालतो. त्याचे म्हणणे असे, की घड्याळातली मिनिटे ज्याची त्याची आहेत. ती कशी वापरावी हे सांगणारी तू कोण? नियमात बसते ना, मग झाले. त्याच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वेळ हा बुद्धिबळाचा भागच आहे. माझ्याकडे एक हत्ती जास्त असला, पण तीनच सेकंद उरले असले, आणि समोरच्याने भराभर चाली करून माझा वेळ संपवला, तर त्याला मी दोष देत नाही. मी सुरुवातीला वेळ खर्च केला. त्याने राखून ठेवला. ही त्याची कमाई आहे. नियम करणाऱ्यांनी इथेही एक मर्यादा घालून दिली आहे. ज्याच्याकडे मात करण्यापुरते सैन्यच उरलेले नाही, त्याला समोरच्याचा वेळ संपला म्हणून विजय मिळत नाही. डाव बरोबरीत सुटतो.

त्याचप्रमाणे हरता डाव न सोडणे हा उद्धटपणा आहे, असे काही जाणकार म्हणतात, तेही मला पटत नाही. नवशिक्याने मात होईपर्यंत जरूर खेळावे. समोरचाही नवशिकाच असतो. वजीर हाताशी असून त्याला मात करता येत नाही आणि शह नसताना राजाला हलायला घर न उरल्यामुळे डाव बरोबरीत सुटतो, असे आमच्या पातळीवर रोज घडते. तेव्हा ‘अजून सोडत का नाहीस’ असे चॅटमध्ये विचारणारा जिंकत असला, तरी असभ्य तोच आहे.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो असा आहे. वेळ राखून खेळणारा आणि मात होईपर्यंत झुंजणारा, हे दोघेही खेळतच असतात. घड्याळ चालू ठेवून बसणारा खेळत नसतो. त्याने खेळ केव्हाच सोडलेला असतो आणि तो फक्त समोरच्याला डांबून ठेवत असतो. पहिले दोघे डाव जिंकण्यासाठी धडपडतात, तर तिसऱ्याला दुसऱ्याचे सुख घालवायचे असते. नियमावलीला हा फरक नेहमीच ओळखता येईल असे नाही. माणसाला मात्र तो सहज ओळखता येतो. नियम जिथे संपतो तिथून रीत सुरू होते, असे जे म्हणतात, ते यासाठीच.

आमच्या गावी पारावर पत्ते चालतात. तिथे फिडे नाही, पंच नाही, छापील नियमही नाहीत. पण पत्ता लपवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी डावात घेत नाही, आणि हरल्यावर पत्ते भिरकावणाऱ्याला त्याच्या आईपर्यंत बोलणी बसतात. ओळख हाच तिथला पंच आहे. मोबाइलवर ओळख नाही, म्हणून तो पंचही नाही. एक खाते बंद झाले तर माणूस पाच मिनिटांत दुसरे उघडतो. तेव्हा सारा दोष या निनावीपणाचा आहे, असा निष्कर्ष कोणी काढील.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण त्या निनावीपणाचे माझ्यावर उपकार आहेत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. वडील बाजार समितीत हमाली करतात. मी शहरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला पुन्हापुन्हा तीन प्रश्न विचारले गेले : गाव कोणते, आडनाव काय, आणि वडील काय करतात. विचारणारे सगळेच वाईट नव्हते. पण उत्तर ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो हिशेब होतो, तो आमच्यासारख्यांना लहानपणापासून वाचता येतो. बुद्धिबळाच्या या मोबाइलवरच्या पटावर मला हे तिन्ही प्रश्न आजवर कोणी विचारले नाहीत. पांढरी मोहरी की काळी, एवढाच प्रश्न. ज्याच्याशी मी खेळते तो ब्राझीलचा डॉक्टर आहे की बिहारमधला शाळकरी मुलगा, हे मला ठाऊक नसते, आणि मी कोण हे त्याला ठाऊक नसते. तिथे माझी चाल चांगली असेल तर चांगली आणि वाईट असेल तर वाईट. इतकी साधी समानता मला आजवर फार थोड्या जागी भेटली आहे.

तेव्हा नावे, पत्ते, फोटो सक्तीचे करा म्हणजे सारे सुधारेल, हा उपाय मला मान्य नाही. ज्या पडद्याआडून एकजण शिवी देतो, त्याच पडद्याआड दुसरा कोणी सुरक्षित बसून आयुष्यात पहिल्यांदा निर्भयपणे खेळत असतो. पडदा काढून चालणार नाही. पडद्याआडही माणसासारखे वागायला शिकावे लागेल. हे काम कठीण आहे, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने आपल्या खात्याला मुलीचे नाव दिले होते. महिन्याभरात तिने ते बदलले. डावात काय घडते यापेक्षा डावाबाहेरचे प्रश्नच तिला अधिक येऊ लागले होते. महाराष्ट्रातल्या मुलींनी या खेळात आपली जागा सहज मिळवलेली नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचा, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांचा, इतिहास आपण विसरता कामा नये. १९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, तेव्हा त्यावर वादळ उठले. प्रकरण फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांच्यापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा त्यांनी दिला. जी जागा अशी भांडून मिळवली, तिथून आज मुलींना कोणी नियमाने हाकलत नाही. पण चॅटमधल्या चार शब्दांनी हाकलू पाहतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच अधिक बोलत होते. तीच दिव्या एकोणिसाव्या वर्षी, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातील बटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तिने उत्तर पटावर दिले हे खरेच. पण सभ्य वागणूक मिळण्यासाठी प्रत्येक मुलीने विश्वचषकच जिंकला पाहिजे काय?

आता फसवणुकीकडे वळू. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. आज त्याहून बलवान इंजिन प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर फुकट मिळते. एका खिडकीत डाव आणि दुसऱ्या खिडकीत इंजिन, एवढे केले की कोणीही जगज्जेत्याला हरवू शकतो. हे नुसते बोलणे नाही. जून २०२१ मध्ये कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन सामने खेळले. त्यात एका तरुण उद्योगपतीने आनंदला हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी आपण संगणकाची व इतरांची मदत घेतल्याचे कबूल केले. कार्य दानधर्माचे, प्रतिस्पर्धी पाच वेळचा जगज्जेता, हरण्यात काडीचीही नामुष्की नाही. तरीही मोह आवरला नाही. हरण्याची लाज वाटावी आणि फसवण्याची वाटू नये, हे आपल्या काळाचे लक्षण तर नव्हे?

परंतु फसवणुकीइतकाच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, मला तिच्या जुळ्या भावंडाचा धोका वाटतो. ते भावंड म्हणजे संशय. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईस येथील स्पर्धेत मॅग्नस कार्लसन अमेरिकेच्या हान्स नीमनकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. त्याच महिन्यात एका ऑनलाइन स्पर्धेत नीमनविरुद्ध एक चाल करून त्याने डाव सोडून दिला. नीमनने लहानपणी ऑनलाइन डावांत फसवणूक केल्याचे स्वतः मान्य केले होते, आणि ती त्याहून बरीच अधिक असावी असे एका संकेतस्थळाच्या अहवालात म्हटले होते. पण त्या समोरासमोरच्या डावात त्याने काही गैर केल्याचा पुरावा पुढे आला नाही. वैध कारणावाचून स्पर्धा सोडल्याबद्दल फिडेच्या आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये कार्लसनला दहा हजार युरोंचा दंड केला. या साऱ्या प्रकरणातून आमच्यासारख्या सामान्य खेळाडूंनी धडा कोणता घेतला? तर हरलो की ‘समोरचा इंजिन वापरतो’ असे म्हणायचे!

अमेरिकेचा ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की हा ऑनलाइन बुद्धिबळाचा फार लोकप्रिय शिक्षक होता. जगभरच्या मुलांनी त्याचे धडे पाहून हा खेळ शिकला. माजी जगज्जेते व्लादिमिर क्रॅमनिक यांनी २०२४ पासून त्याच्या ऑनलाइन खेळावर जाहीर शंका घेतल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी तो मरण पावला. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडण्याचा मला काहीही अधिकार नाही, आणि तो मी जोडत नाही. पण त्याच्यावरचा एकही आरोप कधी सिद्ध झालेला नव्हता, आणि आयुष्याचे शेवटचे वर्ष त्याला ते आरोप ऐकत काढावे लागले, एवढे तर खरे आहे. पुरावा असेल तर तो पंचांकडे द्यावा. नसेल तर तोंड आवरावे. चव्हाट्यावर घेतलेला संशय कोणाच्याही निर्दोषत्वाने पुसला जात नाही.

मी हे इतक्या कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. शाळेत असताना निबंधाला चांगले गुण मिळाले, तेव्हा ‘कोणाकडून लिहून आणलास?’ असे मला विचारण्यात आले होते. मी तो निबंध घरी, आईच्या चुलीपाशी बसून लिहिला होता. ज्यांच्या घरात पुस्तके असतात त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्यासारख्यांना काही चांगले जमले, की आधी कौतुक होत नाही, चौकशी होते. म्हणून गेल्या पावसाळ्यात एका डावात मला घोड्याची एक सुंदर चाल सापडली आणि समोरून ‘फसवतोस’ असा शेरा आला, तेव्हा मला तो शेरा नवा वाटला नाही. अप्रत्यक्षपणे ती माझ्या चालीची स्तुतीच होती, असे मैत्रिणी म्हणाल्या. मला तशी स्तुती नको आहे.

नेटवर्कचेही असेच आहे. शहरातल्या खेळाडूला वाटते, की डाव अर्धवट सुटला म्हणजे समोरचा पळाला. पण आमच्या गावी वीज गेली की टॉवरही जातो. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये हे प्रत्यक्ष जगासमोर घडले. उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क तुटला आणि तो डाव हरला. आर्मेनियाची तक्रार फेटाळली गेली आणि त्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात आपल्या निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला. भारताने दाद मागितली आणि फिडेच्या अध्यक्षांनी भारत व रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिले. नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखाली मिळालेल्या त्या पदकाचा मला अभिमान आहे. पण अभिमान बाळगतानाच आर्मेनियाचा तो खेळाडूही आठवला पाहिजे, असे मला वाटते. दोन्ही प्रसंगांची तांत्रिक कारणे वेगळी असतील. तरीही आपल्यावर वेळ आली तेव्हा जी सहानुभूती आपण मागितली, ती दुसऱ्यावर वेळ आली तेव्हा आपल्या मनात होती का, हे स्वतःला विचारून पाहण्यात कमीपणा नाही. खिलाडूपणाची खरी परीक्षा निकाल आपल्या बाजूचा असतानाच होते.

रागाविषयी एक शब्द. खेळाडूला राग येणारच. जून २०२५ मध्ये नॉर्वेतील स्पर्धेत डी. गुकेशने कार्लसनला हरवले, तेव्हा कार्लसनने टेबलावर इतक्या जोराने मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. ते चित्र साऱ्या जगाने पाहिले. पण त्यानंतरचे चित्रही पाहण्यासारखे होते. त्याने गुकेशशी हात मिळवला, त्याची क्षमा मागितली आणि जाताना त्याची पाठ थोपटली. समोर माणूस होता, म्हणून भान लगेच परत आले. मोबाइलवर मूठ आपटली तर ती कोणाला दिसत नाही, आणि म्हणून क्षमा मागण्याचीही वेळ येत नाही. तिथे भान परत आणून देणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नसते.

नुसती तक्रार करून थांबणे योग्य नव्हे. आपल्या जिमखान्याने पुढील वर्षी ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा घ्यावी आणि तिच्यासाठी काही साधे संकेत ठरवावेत, अशी माझी सूचना आहे. डावाआधी प्रत्येकाने ‘नमस्कार’ एवढे तरी लिहावे. त्याला इंग्रजी लागत नाही. डाव हरलेला असेल तर झुंजावे किंवा सोडावे, पण घड्याळ अडवून बसू नये. संपर्क तुटला तर एकदा तरी डाव पुन्हा खेळू द्यावा, आणि खेड्यातून येणाऱ्या मुलांना कॉलेजच्या वाचनालयातले वायफाय त्या वेळेपुरते वापरू द्यावे. संशय आला तर तो फक्त स्पर्धा घेणाऱ्या प्राध्यापकांना सांगावा, गटावर लिहू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डाव झाल्यावर दोघांनी पाच मिनिटे एकत्र बसून तो डाव पुन्हा पाहावा. मोठे खेळाडू हे नेहमी करतात. ज्याने आपल्याला हरवले त्याच्याकडूनच आपली चूक समजून घेण्यासारखे दुसरे शिक्षण नाही, आणि त्या पाच मिनिटांत टोपणनावामागचा माणूस आपोआप दिसू लागतो.

लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर एक छोटीशी सोय आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात पंधरा सेकंद वाढवून देण्याचे एक बटण तिथे असते. ते दाबल्याने आपला काहीच फायदा होत नाही. उलट झाला तर तोटाच. ते दाबायला कोणी सांगत नाही, आणि न दाबल्याबद्दल कोणी विचारत नाही. ज्याने कोणी ते तिथे ठेवले, त्याला खेळ कळला होता असे मला वाटते.

शिष्टाचार ही सुशिक्षित, सुस्थित घरांतून वारशाने येणारी गोष्ट आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. माझे वडील कधी बुद्धिबळ खेळलेले नाहीत. पण भरल्या बाजारात जड पोते पाठीवर घेतलेला दुसरा हमाल समोरून आला, तर आपले ओझे सावरून ते आधी त्याला वाट देतात. मी याचे कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “त्याच्याही पाठीवर वजनच आहे की गं.” पटापलीकडच्या माणसाबद्दल याहून अधिक काही माहीत असण्याची मला गरज वाटत नाही. मित्रहो, पुढचा डाव मांडाल तेव्हा एवढे लक्षात असू द्या.